खाडीकाठचे पुण्यकर्म

२०२२ साली ठाणे खाडीला आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा रामसर दर्जा मिळाला आणि तिच्या चिखलालाही प्रतिष्ठा आली. आता २ फेब्रुवारीचा जागतिक पाणथळ दिन जवळ आला की आपल्यातले निसर्गप्रेमी हातमोजे शोधू लागतात. श्रमदानाचा क्रम ठरलेला: आधी टी-शर्टवाटप, मग फलकासकट फोटो, मग प्रमुख पाहुण्यांची वाट. तोवर वडापाव. तिवरांत अडकलेली एक पिशवी चौघे मिळून ओढतात, पाचवा व्हिडिओ काढतो. चिखलातून वर आलेल्या पेन्सिलीएवढ्या काड्या म्हणजे तिवराची श्वास घेणारी मुळं. त्यांच्यावर बूट रोवूनच ‘निसर्ग वाचवा’ची घोषणा होते. ऊन चढलं की सेवाभाव उतरतो. मागे उरतात पाण्याच्या रिकाम्या बाटल्या; पुढच्या तुकडीला काम नको का? भरती मात्र फोटोसाठी थांबत नाही. नाल्यांतून आलेलं शहराचं प्लॅस्टिक ती पुन्हा मुळांत नेऊन बसवते, तेही विनामोबदला.

काही माणसं मात्र फलकाविना, वर्षभर गुडघाभर चिखलात उतरतात. त्यांना टाळ्या नकोत, माणसं हवीत. तेव्हा ओहोटीची वेळ बघून या, मुळं तुडवू नका आणि आपली बाटली आपल्या घरी न्या.