फ्री म्हणजे कितीला?

आमच्या सोसायटीतल्या काकांच्या कॉम्प्युटरवर मी लिहिण्या-हिशेबासाठी लिबरऑफिस घालून दिलं.

"कितीला पडलं?"

"फ्री आहे, काका."

काकांचा चेहरा पडला. "म्हणजे तीसच दिवस चालणार!"

त्यांचंही चुकलं नाही. आपल्याकडे फ्री म्हणजे साबणाच्या तीन वड्यांवर चौथी, आणि तिचे पैसे पहिल्या तिघींत लावलेले. अमेरिकेतले प्रोग्रॅमर रिचर्ड स्टॉलमन यांनी 1983 साली 'ग्नू' हा फ्री सॉफ्टवेअरचा प्रकल्प जाहीर केला, तेव्हा त्यांच्या मनातला फ्री निराळा होता. प्रोग्रॅम हवा तसा वापरा, उघडून बघा आणि बदला, दुसऱ्याला द्या, बदललेलाही वाटा. या चार स्वातंत्र्यांना क्रमांक दिलेत ते शून्यापासून. गिऱ्हाईक त्यातलं शून्य तेवढं उचलतं आणि किमतीच्या रकान्यात लिहितं.

याच स्टॉलमननी आपला 'ईमॅक्स' हा फ्री प्रोग्रॅम टेपवर भरून 150 डॉलरला विकला. त्यांच्या समर्थकांना यात काही वावगं दिसत नाही, मलाही नाही. काका म्हणाले, "मग ही फसवणूकच की!"

इंग्रजी बिचारी गरीब, तिच्या घरात दोन्ही अर्थांना मिळून एकच शब्द. आपल्याकडे फुकट वेगळं, मुक्त वेगळं. तरी आपण दोन्ही माळ्यावर टाकून फ्री उसना आणला आणि त्यासोबत साहेबाचा घोळही. वर त्याचा तिसरा अर्थ 'मोकळा', तो आपण रिकामटेकडा करून टाकला. फ्री सॉफ्टवेअर लिहितो तो फ्रीच बसलेला असणार!

मोठमोठ्या कंपन्यांचंही शब्दज्ञान काकांइतकंच. जगभरच्या असंख्य वेबसाइटींचं कुलूप म्हणजे 'ओपनएसएसएल', हेही फ्री सॉफ्टवेअरच. 2014 साली त्यात 'हार्टब्लीड' नावाचं भगदाड सापडलं, तेव्हा कळलं की या कुलपावर पूर्णवेळ राबणारा माणूस एकच आणि वर्षाकाठी देणग्या जेमतेम 2000 डॉलर. त्या कुलपामागे अब्जावधींचे गल्ले होते.

रात्री दहाला बेल वाजली. दारात काका. "जोडाक्षरं तुटताहेत. तू फ्री आहेस ना?"

मी नव्हतो.

सध्या काकांकडे दुकानदाराने 500 रुपयांत घालून दिलेलं चोरीचं ऑफिस आहे. पैसे मोजलेत, म्हणजे ओरिजिनल, असं काका सगळ्यांना सांगतात.