पट्टेवाल्या पोरांची भानगड

"काकू, हे कोण किंचाळतंय तुमच्याकडे? मला वाटलं मिक्सरमध्ये चमचा पडला."

"किंचाळत नाही गं, स्तुती चाललीय. धाकट्याने स्ट्रायपर लावलंय. देवाची गाणी म्हणणारा बँड."

"असली देवाची गाणी?"

"का? आपल्या रेव्हरंड टिळकांनी ख्रिस्ती कीर्तनं केलीच की. ही कॅलिफोर्नियातली पोरं, त्यांनी हेवी मेटल केलं. मायकेल आणि रॉबर्ट स्वीट, सख्खे भाऊ. मायकेल गातो. रॉबर्ट ड्रम वाजवतो, तोही लोकांकडे कूस करून बसतो, म्हणजे हात कसे चालतात ते दिसायला हवं! यशयाच्या 53 व्या अध्यायात फटक्यांचे वळ आहेत ना, त्यावरून बँडचं नाव. मग काय, कपड्यांना पिवळे-काळे पट्टे, गिटारींना पट्टे, ड्रमलाही पट्टे. केस खांद्याखाली, विजारी अंगाला चिकटलेल्या. आणि कार्यक्रमात लोकांमध्ये बायबलं फेकायचे."

"फेकायचे?"

"नवा करार गं, छोटा. झेलायला झुंबड उडायची. आता खरी गंमत ऐक, जरा कुंपणाजवळ ये. टीव्हीवर प्रवचनं देणारे ते जिमी स्वॅगर्ट माहितीयत? लुइझियानाचे. ह्या स्वीट भावांना 1975 च्या सुमाराला देवाकडे वळवलं ते त्यांच्याच प्रवचनांनी. आणि पोरं नावारूपाला आल्यावर त्यांच्यावर तुटून पडले कोण? तेच! बायबल असं भिरकावणं म्हणजे डुकरांपुढे मोती टाकणं, म्हणे. ख्रिस्ती रॉकविरुद्ध अख्खं पुस्तक लिहिलं, 1987 मध्ये."

"अगंबाई! मग?"

"मग 1988 च्या फेब्रुवारीत त्यांचंच वेश्येबरोबरचं प्रकरण बाहेर आलं. टीव्हीवर ढसाढसा रडले."

"आणि पोरं?"

"पोरं मजेत. 1986 चा 'टु हेल विथ द डेव्हिल' हा अल्बम दहा लाखांच्या वर खपला. आधीच्या कव्हरवर देवदूत सैतानाला आगीत लोटतायत असं चित्र होतं. त्यावरूनही कुरकुर झाली, मग साधं काळं कव्हर आलं. सैतानाला शिव्या दिल्या तरी लोकांना खुपतं बाई! त्यातलं 'ऑनेस्टली' संथ आहे, तुला आवडेल. बिलबोर्डच्या यादीत 23 व्या नंबरापर्यंत गेलं होतं."

"मग आता कुठे असतात?"

"मध्ये बिनसलं. 1990 च्या 'अगेन्स्ट द लॉ'च्या वेळी पट्टे उतरवले, काळं चामडं चढवलं, गाण्यांतून देवाचं नाव जवळजवळ गायब. देवभक्त रुसले, बाकीचेही काही धावत आले नाहीत. 1992 मध्ये मायकेल बाहेर पडला. 2003 मध्ये पुन्हा जमले, तेव्हापासून अल्बमवर अल्बम. 2018 च्या एकाचं नावच 'गॉड डॅम एव्हिल'. शेवटचा शब्द ऐकायच्या आतच अर्धे लोक भडकले असतील! 2024 मध्ये आणखी एक आला. बासवाला टिम गेन्स मात्र 2017 मध्ये सुटला, त्याच्या जागी फायरहाउस बँडचा पेरी रिचर्डसन."

"तुम्हाला बरं एवढं पाठ!"

"भिंतीपलीकडून तेच ऐकू येतं दिवसभर. पण एक सांगू? त्या चामडंवाल्या अल्बमात गिटारी फार झकास वाजल्यात. रविवारी उपासनेला आलीस तर तिथे बोलू नकोस हं मी असं म्हटलं म्हणून."