डार्विनकाका

डार्विनकाकांचं देवाशी भांडण कॉलेजातच मिटलं. तो नाहीच म्हटल्यावर भांडणार कोणाशी? तेव्हापासूनची सगळी भांडणं शेजाऱ्यांशी. डोंबिवलीतल्या कुठल्याही सोसायटीत असा एक गृहस्थ सापडतोच. सत्यनारायणाची वर्गणी द्यायची, पण पावतीवर ‘दिवाबत्ती व साफसफाई’ असं लिहून घ्यायचं. नवा फ्रिज मुद्दाम अमावास्येला आणायचा. आणि तो आठवड्यात बिघडला तर कोणाला कळू न देता महिनाभर कोमट पाणी प्यायचं.

काका विमा कंपनीत होते. हयातभर त्यांनी मृत्युमानाची कोष्टकं पाहिली. त्यांत वय होतं, धंदा होता, विडी-तंबाखू होती. शनीला रकाना नव्हता. एवढ्या एका निरीक्षणावर त्यांचा नास्तिकपणा उभा आहे, आणि मला विचाराल तर हा पाया बऱ्याच तत्त्वज्ञांच्या पायापेक्षा पक्का आहे.

डार्विन हे नाव पोरांनी ठेवलं, जानेवारी २०१८मध्ये. औरंगाबादच्या एका संमेलनात केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह म्हणाले, की माकडाचा माणूस होताना पाहिल्याचं आपल्या पूर्वजांनी कुठे लिहिलेलं किंवा सांगितलेलं नाही, सबब डार्विन चूक. देशातल्या तीन विज्ञान अकादम्यांनी संयुक्त पत्रक काढून प्रतिवाद केला. काकांनी स्वतंत्र पत्रक काढून लिफ्टमध्ये चिकटवलं. मंत्री पूर्वी मुंबईचे पोलीस आयुक्त. “पोलिसात आयुष्य घालवलेला माणूस प्रत्यक्षदर्शी साक्षीदार मागतो?” काका लिफ्टमध्ये सापडेल त्याला धरून विचारत. “जीवाश्म म्हणजे परिस्थितीजन्य पुरावा! असल्या पुराव्यावर माणसं फासावर गेलीत!” तळमजला ते चौथा मजला एवढ्या वेळात साडेतीन अब्ज वर्षं बसवायची सवय काकांना तेव्हा लागली. लोकांना जिने चढायची लागली.

पण मंत्र्यांचं परवडलं. ते निदान डार्विन चूक म्हणाले. तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त इंजिनिअरसाहेबांच्या मते डार्विन बरोबर आहे, फक्त त्याला उशीर झाला. “मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन. पाण्यातून जमिनीवर, जनावरातून माणसात. आहे काय, नाही काय! आपल्याकडे सगळं आधीच होतं.”

“मग परशुरामानंतर राम आला तो कसा?” काका विचारतात. “दोघं समोरासमोर भेटले होते, रामाच्या लग्नाच्या वेळी. पूर्वज आणि वंशज एकाच वऱ्हाडात?”

“त्यातही विज्ञान आहे,” इंजिनिअरसाहेब म्हणतात.

डार्विनचं पुस्तक १८५९चं. अवतारांशी उत्क्रांतीची सांगड घातलेली दिसते ती १८७७मध्ये, ‘आयसिस अनव्हेल्ड’ या ग्रंथात. घालणाऱ्या होत्या रशियन साम्राज्यात जन्मलेल्या मादाम ब्लाव्हात्स्की. उत्तरपत्रिका अशी आधी फुटल्यावर पेपर आपल्याला सोपाच जाणार, असं काका म्हणाले. इंजिनिअरसाहेबांना ब्लाव्हात्स्कीबाईंचं नाव भलतंच आवडलं. “बघा! परदेशी लोकांनीसुद्धा मान्य केलंय.”

काकांचं खरं दुखणं हे आहे. त्यांचा प्रत्येक पुरावा समोरच्याच्या खात्यात जमा होतो. २१ सप्टेंबर १९९५ला देशभर गणपती दूध प्यायला लागले, तेव्हा पृष्ठताण म्हणजे काय ते दाखवायला काकांनी घरातला समाजसुधारक आगरकरांचा अर्धपुतळा खाली आणला आणि त्याच्या मिशीला चमचा लावला. आगरकरही प्यायले. प्रात्यक्षिक शंभर टक्के यशस्वी झालं, आणि दोन बायका पुतळ्यासमोर हात जोडून उभ्या राहिल्या. जिवंतपणी ज्यांनी स्वतःची प्रेतयात्रा पाहिली, त्या आगरकरांवर मृत्यूनंतर शंभर वर्षांनी हा प्रसंग यावा!

खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांनी घेतलेल्या फलज्योतिषाच्या चाचणीचंही तेच झालं. दोनशे मुलांच्या पत्रिका, निम्मी हुशार आणि निम्मी मतिमंद. ज्योतिष्यांनी कोण कुठल्या गटातलं ते ओळखायचं. सत्तावीस जणांनी उत्तरं पाठवली, सेहेचाळीस टक्के बरोबर आली. नाणं उडवलं असतं तरी पन्नास आली असती. काकांनी हे कात्रण आनंदाने वाचून दाखवलं. “सेहेचाळीस टक्के!” इंजिनिअरसाहेब भारावले. “म्हणजे पास झाले की!”

२० ऑगस्ट २०१३ला पुण्यात अंधश्रद्धा निर्मूलनवाल्या नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, त्या दिवशी मात्र काका खाली उतरलेच नाहीत. संध्याकाळी इंजिनिअरसाहेब स्वतः वर गेले, काकूंनी केलेला चहा घेतला, तासभर बसले. विज्ञानाचं नावही काढलं नाही त्यांनी. म्हणूनच त्यांच्याशी कायमचं भांडण काढायचा काकांचा बेत दर वेळी फसतो.

वाद फार झाले की काका वाईला आत्याकडे जातात. आत्या नव्वदीची. तिच्या घरी दिव्यावर फुंकर मारायची नाही, तिन्हीसांजेला केर काढायचा नाही. का? “नये म्हणून नये.” त्यात व्हायब्रेशन्स नाहीत, पॉझिटिव्ह एनर्जी नाही, नासाची मान्यता नाही. (नासाने इतक्या गोष्टी मान्य केल्याचं नासाला कोणीतरी एकदा कळवायला हवं.) आत्या काही सिद्धच करायला जात नाही, त्यामुळे काकांना खोडायला काही उरत नाही, आणि त्यांचं ब्लडप्रेशर दोन दिवसांत खाली येतं.

गेल्या खेपेला शनिवार होता. आत्या मारुतीच्या देवळात निघाली. काका सोबत गेले, पण पायरीशी थांबले.

“ये की आत,” आत्या म्हणाली. “माणूस माकडापासून झाला, असं तूच सांगत फिरतोस ना? मग नमस्कार करायला काय जातं तुझं?”

“माकडापासून नव्हे, आत्या,” काकांनी समजावलं. “माणूस आणि माकड, दोघांचा मूळ पूर्वज एक. पुढे शाखा वेगळ्या झाल्या.”

आत्याने चप्पल काढता काढता विचार केला.

“म्हणजे भाऊबंदच की रे! मग बाळ, वाटण्या होऊन इतकी वर्षं झाल्यावर आता बोलणं तरी कशाला टाकतोस?”