खांबावरून थेट हवेत

हैदराबादच्या बहुतेक वस्त्यांत इंटरनेट विजेच्या खांबांवरून लोंबकळत येतं. ऑगस्ट 2025 मध्ये रामंतापूरला कृष्णाच्या शोभायात्रेत विजेचा धक्का लागून पाच जण गेले, तेव्हा कुठे अधिकाऱ्यांनी मान वर करून पाहिलं. मग काय, दिसेल ती केबल कापायचा सपाटा! अर्थात खांबांवर जंजाळ चढत होतं तेव्हा सगळे डोळ्यांवर कातडं ओढून होते. असो.

घरं आली फोनच्या हॉटस्पॉटवर. पण टीव्ही, डेस्कटॉप, दारावरचा कॅमेरा सगळे राउटरच्या भरवशावर, आणि या राउटरला खायला तारच लागते. हवेतलं पचत नाही. तेवढ्यात भाचा सल्ला देतो, "मामा, लॅपटॉप हॉटस्पॉटला जोडा, विंडोजमध्ये शेअरिंग चालू करा, आणि लॅपटॉपची वायर राउटरच्या वॅन पोर्टात खुपसा." चालतं, हो! लॅपटॉपने तेवढं रात्रंदिवस जागायचं. आणि फोनवाले मामा भाजी आणायला खाली उतरले की घराचं इंटरनेटही मंडईत. काही राउटरांत 'विस्प' मोड असतो. त्यात राउटर लॅपटॉपविना, थेट हॉटस्पॉटच्या घरी पाणी भरतो. फोन मात्र घरीच हवा.

राहता राहिलं सरकारी फुकट वायफाय. 2015 साली हुसेनसागराच्या काठी सुरू झालं होतं, रोज अर्धा तास. राउटर काखोटीला मारून तिथेही जाता येईल. पण अशा ठिकाणी आधी ओटीपी मागतात, आणि राउटरला मोबाईल नंबर नसतो.