तुम्हीच ठरवा

पूर्वी डॉक्टर सांगायचे आणि पेशंट ऐकायचा. आमच्या लहानपणी सांगलीतले फॅमिली डॉक्टर जीभ बघायचे, डोळ्याखालची कातडी ओढायचे, कंपाउंडरकडे चिठ्ठी सरकवायचे आणि खिडकीतून लाल औषधाची बाटली यायची. बाटलीला कातरलेल्या कागदाची पट्टी चिकटवलेली, दर खुणेला एक डोस. आत काय आहे असं विचारायची कुणाची टाप नव्हती. आता काळ सुधारला. मणक्याचे तज्ज्ञ प्लास्टिकचा कणा हातात धरून निवांत सगळं समजावून सांगतात, एमआरआयची फिल्म उजेडावर लावून दाखवतात आणि मग खुर्चीत मागे टेकून म्हणतात, "इंजेक्शन देऊन बघता येईल. ऑपरेशनही करता येईल. दोन्ही बरोबरच आहे. तुम्हीच ठरवा."

मी हायस्कुलात गणित शिकवते. दोन उत्तरं असलेले प्रश्न मला नवे नाहीत. वर्गसमीकरणाला दोन मुळं असतातच. पण तिथे दोन्ही लिहिली तरच पूर्ण मार्क मिळतात. इथे एकच लिहायचं होतं, आणि तेही स्वतःच्या कंबरेवर.

दुखणं अगदी सर्वसामान्य होतं. माणसाच्या कण्यात २३ चकत्या असतात, पण बिघडायची वेळ आली की बहुतेकांच्या खालच्या दोनच बिघडतात. वरचं सगळं वजन तिथे उतरतं आणि वाकायचं कामही त्यांच्याच गळ्यात. माझी बिघडली ती शेवटची, एल-५ एस-१ नावाची. चकती म्हणजे बाहेरून चिवट तंतूंची वेटोळी आणि आत लिबलिबीत गर. डॉक्टरांनी आधी जेली भरलेल्या डोनटचं उदाहरण दिलं. माझा चेहरा बघून त्यांनी ते मागे घेतलं आणि उकडीच्या मोदकावर आले. पारीला चीर गेली, सारण बाहेर आलं आणि शेजारून जाणाऱ्या नसेवर जाऊन बसलं. हे मला लगेच कळलं. माझ्या बऱ्याच मोदकांचं असंच होतं.

गंमत अशी की बिघाड कंबरेत आणि बोंब पोटरीत. कुल्ल्यापासून करंगळीपर्यंत एक ठणकती रेघ. हे पायाचं दुखणं नसेचं आहे, असं नेपल्सच्या दोमेनिको कोतुन्यो या वैद्याने १७६४ मध्ये लिहून ठेवलं. पण नस का दुखते याचं कारण चकतीत असतं, हे नीट मांडलं गेलं ते थेट १९३४ मध्ये, बॉस्टनच्या मिक्स्टर आणि बार या सर्जनांकडून. त्याआधी ऑपरेशनमध्ये असा तुकडा सापडला तर सर्जन त्याला कूर्चेची गाठ समजायचे. नसेपासून चकतीपर्यंतचं ते एवढंसं अंतर कापायला वैद्यकशास्त्राला १७० वर्षं लागली. तेव्हा मला ठरवायला थोडा वेळ लागला तर काही बिघडत नाही, असं मी घरच्यांना ऐकवलं.

वेळ काढायचा तर बसून काढता येत नव्हता, ही अडचण. या दुखण्यात उभं राहिलं तर जरा बरं, बसलं की संपलं. स्वीडनच्या आल्फ नाकेमसन यांनी १९६०च्या दशकात जिवंत माणसांच्या चकतीत सुई घालून आतला दाब मोजला. उभ्या माणसापेक्षा बसलेल्या माणसात तो जास्त निघाला, पुढे झुकून बसलं तर आणखी जास्त. पेपर तपासणारी बाई नेमकी तशीच बसते. मग मी सगळीकडे उभी राहू लागले. लग्नात उभी, डब्याच्या सुट्टीत उभी. स्टाफ मीटिंगमध्ये मी भिंतीला टेकून उभी राहिले तर मुख्याध्यापकांना वाटलं, बाई काहीतरी मुद्दा मांडणार आहेत, आणि त्यांनी घाईघाईने मीटिंग आवरती घेतली. शिंक येतेय असं वाटलं की आधी हाताने टेबल शोधायचं, मग शिंकायचं.

आमच्या भागात दुखणं हाताबाहेर जाऊ लागलं की मिरज. १८९४ मध्ये डॉ. वॉनलेस यांनी तिथे मिशनचं हॉस्पिटल काढलं तेव्हापासून कोकणापासून विजापुरापर्यंतची माणसं आपापली दुखणी घेऊन तिथे उतरतात. सांगली-मिरज अंतर काही फार नाही, पण वाटेतला प्रत्येक गतिरोधक मला पोटरीत मोजता येत होता. डॉक्टरांनी टाचांवर चालवलं, चवड्यांवर चालवलं, टाचेमागच्या शिरेवर रबरी हातोडी मारली, उताणं झोपवून पाय सरळ वर उचलला. तो अर्ध्यावरही गेला नाही तेव्हा मी जे ओरडले ते बाहेरच्या बाकांवरच्या लोकांनी ऐकलं असावं. मी बाहेर आल्यावर दोघंजण नंबर सोडून चहाला गेले.

एमआरआयचा रिपोर्ट घरी सगळ्यांनी वाचला. त्यातली इंग्रजी विशेषणं इतकी भीतिदायक की नवऱ्याने मला पाण्याचा तांब्या उचलू दिला नाही. पण हा रिपोर्ट ज्याच्या हातात पडतो त्याला एक गोष्ट कुणी सांगत नाही. १९९४ मध्ये अमेरिकेत ९८ लोकांचे एमआरआय काढले होते, पाठदुखी अजिबात नसलेल्यांचे. त्यातल्या निम्म्याहून जास्त लोकांच्या निदान एका चकतीला फुगवटा होता. आमच्या स्टाफरूममधल्या सगळ्यांना त्या नळकांड्यात घातलं तर अर्ध्याअधिकांना असाच रिपोर्ट मिळेल आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांची कंबर दुखू लागेल. म्हणून डॉक्टर फिल्मपेक्षा पायाकडे जास्त बघत होते, ते मला आवडलं.

घरातल्या मतांचा मी मात्र बारकाईने अभ्यास केला. नवरा इंजेक्शनच्या बाजूचा. कारण विचारलं तर म्हणाला, सुरी ती सुरी. खरं कारण डॉक्टरांच्या कागदावर होतं: ऑपरेशननंतर काही आठवडे वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, जास्त वेळ बसायचं नाही. गौरी-गणपती तोंडावर आले होते. मुलगा पुण्यात असतो, तो फोनवर ऑपरेशन म्हणाला, कारण त्याला तसंही काही उचलायचं नव्हतं. आत्याने तर शपथच घातली, "मणक्याला हात लावू देऊ नकोस, माणूस अंथरुणाला खिळतो." तिच्या ओळखीतले कुणी तसे खिळले होते. खोदून विचारलं तेव्हा कळलं, ते गृहस्थ नारळाच्या झाडावरून पडले होते आणि ऑपरेशन झालंच नव्हतं. सासूबाई तेवढ्या वेगळ्या निघाल्या. शेंगा सोलता सोलता, मान वर न करता म्हणाल्या, "ऑपरेशन कर. तेवढे दिवस तरी कुणी तुला वाक म्हणणार नाही."

या सगळ्यात शेजारच्या काकू तिसराच पर्याय घेऊन आल्या. त्या पायाळू. पायांकडून जन्मलेल्या माणसाने पाठीला पाय लावला की उसण जाते, हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं आहे. पायाळू माणसावर वीज पडते, हेही, त्यामुळे काकू पावसात दारातही उभ्या राहत नाहीत. मी म्हटलं, काकू, उसण नाही ही, नस दबलीय. त्या म्हणाल्या, तुला काय करायचंय, पालथी पड. पाय टेकवायचा, दाबायचा नाही, या अटीवर मी तयार झाले. त्यांनी डाव्या टाचेने कंबरेला तीनदा स्पर्श केला आणि चहा घेऊन गेल्या.

रात्री झोप लागेना तेव्हा मी वाचत पडायची. एका बाबतीत जगभरचे डॉक्टर ठाम आहेत: लघवी अडली, बैठकीची जागा बधिर झाली, तर विचार करत बसायचं नाही, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं. पाऊल लुळं पडू लागलं तरी ऑपरेशन लांबवायचं नाही. मला यातलं काही नव्हतं. नुसतं दुखत होतं, आणि नुसतं दुखणाऱ्या माणसांसाठीच हा ठरवाठरवीचा खेळ आहे.

त्यात मला अमेरिकेतला एक मोठा प्रयोग सापडला. २००६ मध्ये त्याचे निकाल छापले गेले. ५०१ रुग्ण. ऑपरेशन कुणाचं करायचं आणि कुणाला औषधं, व्यायाम, इंजेक्शन यांवर ठेवायचं, हे नशिबावर सोडलेलं, आणि सगळ्यांनी ते आधी मान्य केलेलं. झालं काय? ज्यांच्या वाट्याला ऑपरेशन आलं त्यांच्यातल्या निम्म्यांनीच तीन महिन्यांत ते करून घेतलं. ज्यांच्या वाट्याला ऑपरेशन नव्हतं, त्यांच्यातले तीस टक्के तेवढ्याच वेळात ऑपरेशनच्या टेबलावर. कुणाचं दुखणं कमी झालं तो सटकला, कुणाला सहन होईना तो उलट्या बाजूला शिरला. संशोधकांची केवढी पंचाईत झाली असेल! दोन्ही गटांतले लोक बरे झाले, पण कशामुळे, हे सांगणं अवघड होऊन बसलं. मला ते वाचून फार बरं वाटलं. तिथे नियतीने ठरवून दिलं होतं, तरी माणसांनी आपलंच खरं केलं.

हॉलंडमधल्या २००७च्या प्रयोगात लोक जरा शिस्तीचे. तिथे लवकर ऑपरेशन केलेल्यांचा पाय लवकर शांत झाला, पण वर्ष संपेपर्यंत थांबलेलेही तिथेच पोचले होते. दोन्हींकडे ९५ टक्के लोक बरे. थांबलेल्यांतल्या ३९ टक्क्यांनी मात्र मध्येच ऑपरेशन करून घेतलं होतं, तेव्हा थांबणं दिसतं तितकं सोपं नाही. आणि माझाच प्रश्न, इंजेक्शन की ऑपरेशन, इंग्लंडमध्ये १६३ जणांवर तपासून झाला होता. २०२१ मध्ये छापलेलं उत्तर असं की अठरा आठवड्यांनी दोहोंत म्हणण्यासारखा फरक नाही. म्हणजे डॉक्टर टाळाटाळ करत नव्हते. त्यांनी मला खरंच बरोबर उत्तर दिलं होतं, आणि मी ते चार रात्री जागून पडताळून पाहिलं.

याच वाचनात पपई भेटली. कच्च्या पपईचा चीक मटणाला लावला की ते पटकन शिजतं, हे कोल्हापूर-सांगलीत कुणाला शिकवावं लागत नाही. लुइस थॉमस नावाच्या अमेरिकन डॉक्टराने (हे पुढे उत्तम निबंधकार म्हणून गाजले, ही आमच्या बाजूची गोष्ट) त्या चिकातलं पपेन सशांच्या शिरेत टोचलं, आणि सशांचे ताठ कान खाली लोंबले. कानातली कूर्चा मऊ पडली होती. १९५६ सालची ही गोष्ट. ते वाचून लायमन स्मिथ या हाडांच्या डॉक्टरांच्या मनात आलं की कान लोंबतो तर चकतीही विरघळेल. पपईच्याच चिकातला कायमोपपेन नावाचा घटक त्यांनी थेट चकतीत टोचायला सुरुवात केली. १९८२ मध्ये अमेरिकन सरकारने परवानगीही दिली. गुण यायचा. पण काहींना भयंकर ॲलर्जी झाली, काही थोड्यांचे पाय गेले, आणि ते औषध पुढे बाजारातून गेलं. हे मी सासूबाईंना सांगितलं. त्यांनी बराच विचार करून विचारलं, "कच्ची की पिकलेली?"

शेवटी निर्णय झाला तो गणिताच्या वाटेने. इंजेक्शननंतर ऑपरेशन करता येतं, पण केलेलं ऑपरेशन उलगडून परत इंजेक्शनपाशी येता येत नाही. जी पायरी मागे घेता येते ती आधी, एवढंच. इंजेक्शनने सारण आत जात नाही, तेही मला माहीत होतं. स्टेरॉइड नसेभोवतीची सूज उतरवतं आणि शरीराला वेळ मिळवून देतं, तो वेळ पुरला नाही तर ऑपरेशन आहेच. मेडिक्लेमवाल्यांनी अर्थात विचारलं की चोवीस तास दाखल का झाला नाहीत. ऑपरेशन केलं असतं तर पैसे मिळाले असते, हा मुद्दा नवऱ्याने नंतर फार काळ लावून धरला.

पालथं झोपवून, सी-आर्म नावाच्या क्ष-किरण यंत्राखाली, आधी रंगद्रव्य आणि मग औषध. सुई नसेजवळ पोचली तेव्हा माझं ओळखीचं दुखणं ओळखीच्याच वाटेने करंगळीपर्यंत उतरलं. मी कळवळले आणि डॉक्टर खूश होऊन म्हणाले, "हीच ती." पहिले दोन दिवस काहीच फरक नाही, उलट साखर वाढली. मग एका सकाळी मी बसून चहा प्यायले आणि अर्धा कप झाल्यावर लक्षात आलं की आपण बसलोय.

आता श्रेयाचा प्रश्न उरला. नवऱ्याच्या मते फोमची गादी काढून त्याने मला सतरंजीवर झोपवलं त्याचा हा गुण. सासूबाईंचं महानारायण तेल रोज रात्री चालू होतंच. फिजिओथेरपिस्ट मुलगी म्हणते, व्यायाम. डॉक्टरांना विचारलं तर ते प्रामाणिकपणे म्हणाले, इंजेक्शनने आराम पडला असेल, किंवा बाहेर आलेला तुकडाच आक्रसला असेल. पांढऱ्या पेशी तो हळूहळू खाऊन टाकतात, आणि नवल म्हणजे छोट्या फुगवट्यापेक्षा सुटून बाहेर पडलेला तुकडा नाहीसा व्हायची शक्यता जास्त. मग पुन्हा एमआरआय काढून बघायचा का, असं मी विचारलं. ते म्हणाले, दुखत नसेल तर कशाला?

शेजारच्या काकूंना हे अजिबात पटलेलं नाही. त्यांचं म्हणणं, काढायला हवा होता. त्यात त्यांची टाच दिसली असती.