बोटुकली सोडली कोणी?

अहो, ऐकलंत का? मंडळाच्या पोट्ट्यांची ती मासे पकडायची स्पर्धा... रद्द नाही हो, पुढं गेली. बॅनर छापून आलं, त्यावर कोपऱ्यावरच्या वहिनींच्या धाकट्याचा गॉगलवाला फोटो. आता ते बॅनर त्यांच्या गच्चीवर वाळवणावर झाकलंय, चेहरा खाली करून.

वहिनी माळकरी, तुम्हाला माहीतच आहे. त्यांना पोरानं काय सांगितलं असेल? म्हणे, ‘आई, मासा पकडायचा, मोजायचा अन् परत सोडून द्यायचा. जीवदयाच आहे ती.’ आणि त्यांनी पाठीवर हात फिरवला हो!

तर काय सांगत होते... हे खूळ आलं शंकरपटावरून, बैलांच्या शर्यतीवरून हो. धाकटा पट पाहून आला अन् म्हणाला, ‘बैलांचं जमते तं माशांचं काऊन नाही?’ आता शंकरपटाचं रामायण आपण सगळ्यांनी पाहिलंय. 2014 ला बंद, 2021 च्या डिसेंबरात पुन्हा सुरू, 2023 ला कोर्टाचा पक्का निकाल. कलेक्टरकडे अर्ज, 50 हजारांचं डिपॉझिट, धाव 1000 मीटरच्या वर नको, नियम मोडला तर 5 लाखांपर्यंत दंड नाहीतर जेल. पण निदान कोणत्या दारात उभं राहायचं ते तरी ठरलेलं. माशांचं तसं नाही. तिथं दारंच दारं.

आधी म्हणाले एकबुर्जी धरणावर घेऊ. समोरच्या मास्तरीणबाईंनी तिथंच पकडलं, ‘अरे, वाशीमच्या नळाला तेच पाणी येतं ना? त्यात तुम्ही कणकेचे गोळे आणि गांडुळं टाकणार?’ मग कुणी म्हणालं कारंजाकडे जाऊ, सोहोळच्या बाजूला. तिथं काळविटांचं अभयारण्य! 1972 चा वन्यजीव कायदा, आत पाय ठेवायलासुद्धा परवानगी. गळ घेऊन उतरलात तर स्पर्धेऐवजी पंचनामाच. शेवटी गावाबाहेरचा लहान तलाव ठरला. पाटबंधाऱ्यात कुणाचा तरी मामा आहे म्हणे, म्हणजे झालंच काम.

मग कट्ट्यावर बैठक. मी आपली तुळशीला पाणी घालत होते, कानावर आलं तेवढंच सांगते हं.

रिटायर्ड वकीलकाकांनी चष्मा पुसला, तेव्हाच मला वाटलं, आता कुणाची तरी शिकार होणार. ‘प्रवेश फी किती?’ 300. ‘बक्षीस?’ 11 हजार. ‘आणि हा कूपनवर लकी ड्रॉ कशाचा?’ धाकटा म्हणतो, ‘काका, नुसती गंमत म्हणून.’ झालं! काका म्हणाले, शब्दकोड्यांच्या बक्षिसांची केस 1957 सालीच सुप्रीम कोर्टात गाजली. कौशल्याचा खेळ असेल तर तो जुगार नाही. पण पैसे घेऊन चिठ्ठ्या काढल्या की ती लॉटरी, मग पोलीस विचारणारच. ड्रॉवर काट मारली. आमच्या सासूबाई आतून ओरडल्या, ‘मासा गळाला लागणं कौशल्य का नशीब, हे कोण ठरवणार?’ काका दोन मिनिटं गप्प हो!

डीजेचंही तेच. रात्री 10 नंतर बंद, 2000 सालापासून नियम आहे, आणि आपल्याकडे जमावबंदीचा 37 कलमाचा आदेश कधी लागू असेल नेम नाही, म्हणजे ठाण्यात आधी जायचंच. एक शहाणा म्हणतो, जून-जुलैत मासेमारी बंद असते, आपण ऑगस्टात घेऊ. अरे बाबा, ती बंदी समुद्राची! आणि दुसरा... त्याचं नाव नका विचारू, ‘सुतळी बॉम्ब फोडला तं मासे आपसूक वर येतात.’ त्याला काकांनी 1897 चा कायदा ऐकवला. इंग्रजांनासुद्धा ही अक्कल होती.

पण खरी मजा पुढेच. भोयांच्या मच्छीमार सोसायटीचे अध्यक्ष इतका वेळ कोपऱ्यात चहा पीत बसलेले. कप खाली ठेवला आणि विचारलं, ‘बापू, तलाव कोणाचा?’

‘सरकारचा.’

‘अन् मासे?’

कुणी बोलेना.

‘बोटुकली सोडली कोणी?’

फोडणी जळल्यासारखे चेहरे झाले सगळ्यांचे! अहो, तलावाचा ठेका सोसायटीकडे असतो, मत्स्यव्यवसाय खात्यामार्फत, 5 वर्षांचा. ठेक्याचे पैसे भरा, पावसाळ्यात कटला, रोहू, मृगळाचं बीज, म्हणजे तीच बोटुकली, आणून सोडा, रात्री राखण करा. ‘आमी पोसलेला कटला तुमी काढसान, अन् कप कोणाले?’ धाकटा चाचरत म्हणाला, ‘काका, कॅच अँड रिलीज...’ अध्यक्ष म्हणाले, ‘तोंड फाटलेला मासा जगला तं ठीक. मेला तं चार दिसानं वर तरंगते. तवा येजा मंग फोटो काढाले.’

खरं सांगू, मला तर तेच पटलं. मामाला विचारलं, पोलिसांना विचारणार होते, आणि ज्याचे मासे त्यालाच पत्ता नाही!

पण माणूस मोठ्या मनाचा हो. घेऊ म्हणाले, दिवाळीनंतर. सोसायटीचं पत्र मत्स्यव्यवसायच्या ऑफिसात आधी द्यायचं. मासे परत सोडायचे नाहीत, काट्यावर तोलायचे आणि बाजारभावानं पैसे सोसायटीला. काठावर त्यांचेच दोन पोहणारे आणि होडी तयार. आणि शेवटची अट, तिथंच तळलेल्या माशांचा स्टॉल, सोसायटीच्या बायकांचा.

म्हणजे जीवदया गेली की नाही तेलात? आणि एवढे मासे तळायला कढई कुणाची मागायची ठरलीय, सांगू? सप्त्याच्या पंगतीची ती मोठी, वहिनींकडे असते ना, तीच. धाकटा ‘आणतो’ म्हणून बसलाय. वहिनींना अजून कुणी सांगितलेलं नाही. तुम्ही आज हळदीकुंकवाला जाणार आहात ना त्यांच्याकडे?