पाणबुडीत मावशी

विशाखापट्टणमच्या रामकृष्ण बीचवर 'कुरसुरा' ही पाणबुडी कायमची मुक्कामाला आहे. सोव्हिएत बनावटीची. 1969 साली नौदलात आली, 1971च्या युद्धात अरबी समुद्रात गस्त घातली, 2001 साली निवृत्त झाली आणि पुढच्याच वर्षी संग्रहालय होऊन तिकिटं फाडू लागली. निवृत्तीनंतर इतक्या लवकर दुसरी नोकरी आमच्या खात्यात कुणालाही लागलेली नाही.

लांबी 91 मीटर. बाहेरून बघून मावशी म्हणाली, "ऐसपैस आहे की!" आत शिरल्यावर तिने पदर खोचला. दोन्हीकडे नळ्या, झडपा, तबकड्या, आणि मधून एका माणसापुरती वाट. एका कप्प्यातून दुसऱ्यात जायची दारं गोल नि ठेंगणी. आधी डोकं घालायचं की पाय, यावर घरात मतभेद झाले. मी आधी पोट घातलं. बाकीचा मी नंतर आलो.

माहिती सांगायला निवृत्त नौसैनिक होते. एका वेळी पंच्याहत्तर माणसं इथे राहत. बिछाने सगळ्यांना पुरत नसत, म्हणून एकजण पहाऱ्यावर गेला की त्याच्या गरम अंथरुणात दुसरा शिरे.

"चादर तरी बदलत असतील?" मावशी.

"धुवायला पाणी कुठलं, माँजी?"

भोवती अख्खा समुद्र, पण गोडं पाणी पिण्यापुरतं नि स्वयंपाकापुरतं. अंघोळ किनाऱ्यावर. मावशीचं सोवळं तिथेच संपलं.

टॉर्पेडोच्या नळ्या पुढे सहा, मागे चार. एकूण 22 टॉर्पेडो बरोबर असत. काही खलाशी त्यांच्याच शेजारी झोपत. शेजारी घोरणारा नाही, एवढंच सुख. टॉर्पेडोचा व्यास 533 मिलिमीटर. माझा कुणी विचारला नाही, हे बरं झालं.

पण मावशी थबकली ती मुदपाकखान्यापाशी. पंच्याहत्तर जणांचं जेवण, आणि जागा एवढीशी की डाव घ्यायला वळलं तर कोपर भिंतीला लागावं. भिंत पाडून ओटा वाढवायचा ठराव ती कैक वर्षं काकांपुढे मांडते आहे. काका मागून मोठ्या समाधानाने म्हणाले, "नीट बघून घे."

"बघितलं," मावशी म्हणाली. "इथे रांधणाऱ्याला सरकार पगार देत होतं."

काका पुढच्या गोल दारातून विनातक्रार वाकून गेले.

जाणार असाल तर सोमवार टाळा, त्या दिवशी बंद असतं. आणि जेवण नंतर करा.